टॅरोची जुनी खातेवही

सप्तव्यसनांच्या त्यागाचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथे पत्त्यांचा जोड सहसा उघड्यावर ठेवला जात नाही. सातांमध्ये द्यूताचे नाव पहिले. आणि पत्ते म्हटले की पैज आलीच, असा वडीलधाऱ्यांचा अनुभव. दिवाळीत चुलत-मावस भावंडे जमली आणि माडीवर तीन पत्तीचा डाव रंगला, तरी जिन्यावर आजोबांची चाहूल लागताच पाने सतरंजीखाली जातात. अशाच घरात आता नातीच्या टेबलावर रेशमी वस्त्रात गुंडाळलेला ७८ पानांचा एक जोड दिसू लागला आहे, आणि त्याला मात्र कोणी हरकत घेत नाही. ‘आजी, हे पत्ते नव्हेत, टॅरो आहे, यात राशी असतात, ग्रह असतात,’ एवढे स्पष्टीकरण पुरेसे होते. पंचांग ज्या फडताळात असते, त्याच फडताळात तो जोडही जाऊन बसतो.

त्या पानांतून केवळ विरंगुळा होत असता तर विचार करण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु त्यांना विचारले जाणारे प्रश्न आता विरंगुळ्याचे राहिलेले नाहीत. नव्या गाळ्याचा विसार याच महिन्यात द्यावा की थांबावे, भागीदारीच्या कागदावर सही करावी की नाही, सांगून आलेले स्थळ पुढे न्यावे की विषय तेथेच मिटवावा, असे प्रश्न पानांपुढे मांडले जातात आणि त्यासाठी दक्षिणाही दिली जाते. सल्ल्याला वजन यावे म्हणून एक वाक्य हमखास जोडले जाते: ही विद्या प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांची आहे, हजारो वर्षांची आहे. बाजारातला माणूस हळदीचे एक पोते घेतानाही माल कोणत्या पेठेतून आला हे विचारतो. तोच साधा प्रश्न या पानांना विचारावयाचा असेल, तर त्याचे उत्तर एका ग्रंथात मोठ्या परिश्रमाने नोंदवून ठेवलेले आहे.

‘अ विकेड पॅक ऑफ कार्ड्‌स’ हे त्या इंग्रजी ग्रंथाचे नाव. लंडनच्या डकवर्थ या प्रकाशनसंस्थेने तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. टी. एस. एलियट यांच्या १९२२ मधील ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकाव्यात पत्त्यांवरून भविष्य सांगणारी एक स्त्री येते. ग्रंथाचे नाव तेथून घेतले आहे. लेखक तिघे आहेत. रोनाल्ड डेकर हे अमेरिकेतील कलेतिहासाचे अभ्यासक, थिएरी देपोलिस हे फ्रान्समधील पत्त्यांच्या इतिहासाचे जाणकार, आणि तिसरे मायकेल डमेट. डमेट यांचे नाव पाहून तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला आश्चर्य वाटेल. ऑक्सफर्ड विद्यापीठात तर्कशास्त्राचे अध्यासन भूषविणारा, फ्रेगेच्या भाषाविचारावरील अधिकारी भाष्यकार म्हणून जगभर मान्यता पावलेला हा विद्वान वर्षानुवर्षे जुन्या पत्त्यांच्या जोडांचा आणि त्यांच्या खेळांचा शोध घेत होता. एखादे विधान सिद्ध झाले आहे असे केव्हा म्हणावे, याची ज्याला आयुष्यभराची सवय आहे अशा माणसाने हा विषय हाती घ्यावा, हे विषयाचे भाग्यच म्हणावे लागेल.

ग्रंथाचा पायाभूत सिद्धान्त साधा आहे. टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ होता. ७८ पानांपैकी ५६ पाने नेहमीच्या जोडासारखी चार रंगांची: चषक, नाणी, तलवारी आणि दंड. उरलेल्या २२ चित्रपानांपैकी २१ पाने क्रमाने चढत जाणारी हुकुमाची, आणि एक विदूषकाचे. मेंढीकोट खेळलेल्या कोणालाही हुकूम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या कोणत्याही रंगाच्या पानावर मात करून हात आपल्याकडे ओढणारे पान. टॅरोमध्ये हा हुकूम चारांपैकी एका रंगाकडे न देता त्यासाठी स्वतंत्र पाचवी मालिकाच रंगविली गेली. सम्राट, पोप, प्रेमी युगुल, भाग्यचक्र, मृत्यू, सैतान, तारा, चंद्र, सूर्य ही चित्रे त्या काळच्या इटलीतील ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या परिचयाची होती. मिरवणुकांत, चर्चच्या भिंतींवर, काव्यांत ती दिसत असत. खेळणाऱ्याला कोणते पान कोणत्या पानाला मारते हे लक्षात राहावे, एवढे त्यांचे काम होते.

याचा पुरावा कोठे मिळतो? कोणत्याही मंदिरात किंवा भूर्जपत्रावर नव्हे, तर जमाखर्चात. उत्तर इटलीतील फेरारा येथील एस्ते घराण्याच्या दरबारी हिशेबांत १० फेब्रुवारी १४४२ या दिवशी साग्रामोरो नावाच्या चित्रकाराला ‘त्रिओन्फी’च्या, म्हणजे विजयाच्या पानांचे चार जोड रंगविल्याबद्दल रक्कम दिल्याची नोंद आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दुसरी नोंद येते. या वेळी बोलोन्याच्या एका किरकोळ व्यापाऱ्याकडून असाच एक जोड विकत घेतला गेला आणि तो राजघराण्यातील एर्कोले व सिजिस्मोन्दो या दोन भावांच्या करमणुकीसाठी देण्यात आला. थोरला भाऊ त्या वेळी जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता. व्यापाऱ्याच्या जोडाची किंमत चित्रकाराच्या जोडापेक्षा कितीतरी कमी होती. याचा अर्थ दरबाराबाहेरही तयार माल मिळू लागला होता आणि तो साध्या दुकानात विकला जात होता. दोन मुलांसाठी आणलेल्या खेळण्याची ही नोंद ज्या कारकुनाने केली, त्याच्या मनात गूढविद्या असण्याचे काही कारण नव्हते. ‘तारोक्की’ हे नाव तर आणखी सुमारे साठ वर्षांनी, सोळाव्या शतकाच्या प्रारंभी, कागदावर दिसते.

साध्या चार रंगांच्या पानांचा माग याहून मागे जातो, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. युरोपात पत्ते १३७० नंतरच्या दशकात आले. फ्लॉरेन्स नगराने १३७७ मध्ये पत्त्यांच्या नव्या खेळावर निर्बंध घातल्याची नोंद सापडते. ते आले इजिप्तमधूनच. मात्र फेरोंच्या किंवा पिरॅमिडांच्या इजिप्तमधून नव्हे, तर मामलुक सुलतानांच्या, भूमध्य समुद्रावरील व्यापाराने गजबजलेल्या इजिप्तमधून. त्या मामलुक पत्त्यांचा एक जोड इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात जपलेला आहे. त्यावरही चषक, नाणी आणि तलवारी आहेत. चौथा रंग पोलो खेळण्याच्या काठीचा आहे. इटलीत पोलो कोणाला ठाऊक नसल्यामुळे ती काठी तेथे साधा दंड झाली. गूढवादी मंडळी ज्या दंडात पुढे अग्नितत्त्व पाहू लागली, त्याचे मूळ हे आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे सावंतवाडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. लाखेच्या रंगांनी सजविलेली तेथील दशावतारी गंजिफा म्हणजे १० रंगांची, प्रत्येकी १२ याप्रमाणे १२० गोल पाने. प्रत्येक रंग एका अवताराचा. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही मावळत चाललेली कला प्रयत्नपूर्वक जगविली. पानापानावर मत्स्य, कूर्म, वराह असूनही गंजिफा हा खेळच राहिला. ती देवांची गुप्त पोथी आहे, असे म्हणत कोणी पुढे आले नाही. पॅरिसला मात्र तसा माणूस भेटला.

त्याचे नाव आंत्वान कूर द जेबलँ. हा प्रॉटेस्टंट पाद्री बहुश्रुत होता. जगातील सर्व भाषा आणि पुराणकथा एका आदिम संस्कृतीतून निघाल्या, हे दाखविण्यासाठी तो ‘ल मोंद प्रिमितीफ’ हा अनेक खंडांचा ग्रंथ लिहीत होता. त्या काळी दक्षिण फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये टॅरो घरोघर खेळला जात असे. पॅरिसमध्ये तो कोणाच्या परिचयाचा नव्हता. एकदा एका ओळखीच्या बाईंकडे गेला असताना त्याने तो खेळ चाललेला पाहिला. पाने हातात घेतली, एकेका चित्राचा अर्थ लावला, आणि पाव तासाच्या आत सर्व जोड इजिप्तचा असल्याचा निर्वाळा देऊन टाकला. ही हकिकत त्याची स्वतःची आहे. १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठव्या खंडात ती त्याने मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. ज्ञानाचा देव थोथ याचा ग्रंथ शत्रूंपासून वाचविण्यासाठी पुरोहितांनी तो खेळाच्या रूपात लपविला, अशी त्याची कल्पना. ‘टॅरो’ या शब्दाचा ‘राजमार्ग’ असा इजिप्ती अर्थही त्याने देऊन टाकला. त्या वेळी पृथ्वीच्या पाठीवर इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस हयात नव्हता. शांपोलियाँने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि तिच्यात असा शब्द आढळला नाही.

ग्रंथातील सर्वांत वाचनीय प्रकरणे येथून सुरू होतात. कूर द जेबलँचे स्वप्न लगेच बाजारात आणणारा माणूस ज्याँ-बाप्तिस्त आलिएत हा होता. आडनावाची अक्षरे उलटी करून त्याने ‘एत्तेय्या’ असे टोपणनाव घेतले. तो केशकर्तनकार होता, अशी आख्यायिका पुढील लेखकांनी एकमेकांवरून उतरवून घेतली होती. प्रस्तुत लेखकांनी जुने दस्तऐवज चाळून तो बी-बियाण्यांचा व्यापारी होता आणि नंतर मुद्रित चित्रांच्या विक्रीत पडला, हे दाखवून दिले. धंदा जाणणारा माणूस होता. साध्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचे पुस्तक त्याने १७७० मध्येच काढले होते. इजिप्तची हवा सुटताच त्याने टॅरोवर पुस्तके लिहिली, शिकवण्या घेतल्या, आणि केवळ भविष्यासाठी म्हणून पहिला टॅरो जोडही छापून घेतला. राशिचक्र पानांवर प्रथम बसविले ते त्यानेच. आज ज्याला ‘टॅरो आणि ज्योतिष यांचा प्राचीन संबंध’ म्हटले जाते, त्याच्या वंशावळीच्या मुळाशी अठराव्या शतकाच्या अखेरचा एक पॅरिसचा बियाणेवाला आहे.

न्याय्यतेसाठी एक नोंद हवी. अठराव्या शतकाच्या मध्यास बोलोन्यात लिहिला गेलेला एक कागद सापडला आहे. त्यात टॅरोच्या ३५ पानांपुढे प्रवास, पत्र, विवाह अशा प्रकारचे साधे अर्थ टिपलेले आहेत. म्हणजे घरगुती शकुन पाहण्याची रीत पॅरिसच्या थोडी आधी, खेळाच्या कडेने, कोठेतरी उगवली होती. तिच्यात इजिप्त नव्हता आणि ग्रह-राशीही नव्हत्या. तिच्या मागे मात्र खेळाची तीनशे वर्षे उभी आहेत, आणि त्या काळात टॅरोवरून भविष्य सांगण्याची चाल रूढ होती असे दाखविणारा पुरावा नाही.

मादमोआझेल लनोर्माँ हिचे प्रकरण व्यापारी वाचकाने आवर्जून वाचावे. नेपोलियनच्या काळातील ही ख्यातनाम भविष्यवादी स्त्री १८४३ मध्ये निवर्तली. तिच्या मृत्यूनंतर तिच्या नावाचे पत्ते बाजारात आले आणि आजही ते त्याच नावाने खपतात. प्रत्यक्षात ३६ पानांचा तो जोड न्यूरेंबर्गच्या हेख्टेल नावाच्या माणसाने सुमारे १८०० साली काढलेल्या फाशांच्या एका खेळावरून उचललेला आहे. नाव एकाचे, माल दुसऱ्याचा, आणि नफा तिसऱ्याचा!

पुढची पायरी एलिफास लेव्ही याची. चर्चची दीक्षा अर्धवट सोडून बाहेर पडलेला हा फ्रेंच लेखक १८५४ ते १८५६ या काळात उच्च जादूविद्येवरील आपल्या ग्रंथातून २२ चित्रपाने हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी जोडतो. संख्या जुळली, एवढाच त्याला आधार. ‘सेफर येत्सिरा’ या जुन्या हिब्रू ग्रंथात त्या अक्षरांची ३, ७ आणि १२ अशी विभागणी आहे: तीन तत्त्वे, सात ग्रह, बारा राशी. अक्षरे पानांवर बसली, तेव्हा ग्रह आणि राशी अक्षरांच्या पाठीवर बसून आपोआप आत आल्या. पण कोणते अक्षर कोणत्या पानाला, यावर एकमत कधीच झाले नाही. कूर द जेबलँच्याच खंडात लिहिणाऱ्या काँत द मेले याने शेवटच्या ‘विश्व’ या पानापासून उलट्या क्रमाने अक्षरे दिली होती. लेव्हीने जादूगाराच्या पानापासून सुलट्या क्रमाने दिली आणि विदूषक शेवटून दुसरा बसविला. पुढे इंग्रजांनी विदूषक सर्वांच्या पुढे आणला. परिणामी बहुतेक सर्व पाने एक-एक घर सरकली. सम्राटाचे एकच पान, त्याला तीन गुरूंनी तीन अक्षरे दिली. ‘मेजर अर्काना’ या शब्दांतील ‘अर्काना’, म्हणजे रहस्ये, हा शब्दप्रयोगसुद्धा पोल क्रिस्तियाँ याच्या १८६३ च्या पुस्तकातून रुळला. पिरॅमिडांच्या सावलीतून तो आलेला नाही.

इंग्लंडमधील हकिकत पहिल्या ग्रंथात नाही. ती डेकर आणि डमेट यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ हिस्टरी ऑफ द ऑकल्ट टॅरो’ या पुढील खंडात आहे. १८८८ मध्ये लंडनमध्ये वेस्टकॉट, मॅथर्स प्रभृतींनी ‘गोल्डन डॉन’ नावाचा गुप्त संप्रदाय स्थापन केला आणि आज प्रचलित असलेली टॅरो-ज्योतिषाची सारणी तेथे पक्की झाली. ती बसविताना एक अडचण आली. पानांच्या जुन्या क्रमाने सिंह रास ‘न्याय’ या पानावर आणि तूळ रास ‘बल’ या पानावर येत होती; पण तराजू न्यायाच्या हातात, आणि सिंह बलाच्या चित्रात. तेव्हा त्यांनी आठवे आणि अकरावे पान यांची अदलाबदल केली. आर्थर एडवर्ड वेट याने १९०९ मध्ये काढलेल्या जोडात तोच बदल कायम ठेवला आणि त्याचे कारण वाचकांना सांगण्याची गरज त्याला भासली नाही. ताळेबंद जुळत नाही म्हणून दोन खात्यांतील रकमा परस्पर फिरवाव्यात, तसा हा प्रकार. जगात आज सर्वाधिक खपणाऱ्या जोडांपैकी एकाचे अनुक्रमांक या दुरुस्तीवर उभे आहेत.

पंचांग वाचणाऱ्या घरांना या सारणीतील दुसरा भाग अधिक ओळखीचा वाटेल. चार रंगांतील दोन ते दहा क्रमांकांची ३६ पाने गोल्डन डॉनने राशिचक्राच्या ३६ भागांना, प्रत्येकी दहा अंशांना, वाटून दिली. हाच आपल्या ज्योतिषातील द्रेष्काण. हा शब्द ग्रीक ‘देकानोस’ वरून संस्कृतात आला, असे अभ्यासक मानतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहज्जातका’त ३६ द्रेष्काणांची स्वरूपे वर्णिली आहेत. आणि द्रेष्काणांचे मूळ खरोखरच प्राचीन इजिप्तमध्ये आहे: सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेटिकांच्या झाकणांवर रात्रीचे प्रहर मोजणाऱ्या ३६ तारकासमूहांच्या सारण्या रंगविलेल्या सापडतात. टॅरोतला अस्सल इजिप्ती अंश शोधायचाच असेल तर तो हा. मात्र तो पानांत मुळी नव्हताच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या सद्गृहस्थांनी तो बाहेरून आणून चिकटविला.

म्हणूनच टॅरोची रास आणि पत्रिकेतील रास एक समजण्याची चूक होऊ नये. पाश्चात्त्य गणना सायन आहे, आपले पंचांग निरयन. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडते. १ एप्रिलला जन्मलेल्या माणसाचा रवी पाश्चात्त्य गणनेत मेषेत, तर पंचांगाप्रमाणे मीनेत असतो. शिवाय घरात ‘तुझी रास कोणती’ असे विचारले जाते तेव्हा अभिप्रेत असते ती चंद्ररास, जिचा या हिशेबाशी संबंधच नाही. द्रेष्काणांचे स्वामीही जुळत नाहीत. मेषेचे तीन द्रेष्काणपती आपल्या रूढ पद्धतीने मंगळ, रवी, गुरू. गोल्डन डॉनच्या सारणीत मंगळ, रवी, शुक्र. पत्रिका आणि टॅरो ‘एकमेकांना दुजोरा देतात’ असे सांगून जेव्हा एखाद्या विवाहाला होकार किंवा नकार दिला जातो, तेव्हा दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेला कपडा एकाच लांबीचा म्हणून गिऱ्हाइकाला दाखविला जात असतो. मुलगी नाकारली गेली तर त्याची भरपाई कोणती सारणी करणार?

वेटच्या जोडाची सर्व चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. साध्या ५६ पानांवरही प्रसंगचित्रे रेखाटण्याची तिची योजना एवढी परिणामकारक ठरली की पुढील असंख्य जोड तिच्याच वाटेने गेले. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात, फार मोठे काम फार थोड्या पैशांत केल्याचे तिने कळविले आहे. विक्रीतील वाटा तिला नव्हता. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये ती मरण पावली तेव्हा मागे कर्ज उरले होते. भविष्याच्या या पानांतून पुढे ज्यांनी घरे बांधली, त्यांत ती नव्हती.

शकुन आणि निमित्त यांचा विषय जैन परंपरेला नवा नाही, आणि तेथील भूमिका या ग्रंथाच्या वाचनाला उपयोगी पडणारी आहे. ‘अंगविज्जा’ हा ६० अध्यायांचा प्राकृत निमित्तग्रंथ जैन भांडारांनी शतकानुशतके सांभाळला. मुनी पुण्यविजयजींनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरीकडे श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययन सूत्राच्या पंधराव्या अध्ययनात स्वर, स्वप्न, लक्षण, वास्तू अशा विद्यांवर जो उपजीविका करीत नाही तोच भिक्षू, असे स्पष्ट लक्षण दिलेले आहे. विद्या नोंदवून ठेवावी, तिच्यावर पोट भरू नये, असा हा विवेक दिसतो. आज ‘अंगविज्जा’ उघडतात ते इतिहासाचे अभ्यासक; त्यातील नाणी, वस्त्रे, अलंकार, भांडी आणि नौका यांच्या याद्यांतून त्या काळची बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. टॅरोकडे डमेट आणि त्यांचे सहकारी त्याच नजरेने पाहतात.

ग्रंथात टिंगल नाही, हे विशेषत्वाने सांगितले पाहिजे. गूढवाद्यांनी खेळाचा इतिहास पुसून टाकून त्याजागी आपला प्रचार विलक्षण यशस्वी केला, असा रोखठोक निष्कर्ष लेखक काढतात. पण प्रत्येक व्यक्तीची जन्मतारीख, व्यवसाय, कर्जे, मित्र आणि पुस्तकांच्या आवृत्त्या ते तितक्याच आस्थेने तपासतात. चित्रांकडे पाहून मनातल्या गाठी उलगडतात, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी त्यांचे भांडण नाही. एखाद्या विधवा स्त्रीला पानांपुढे बसून आपले दुःख बोलता आले, तर तिचे बोलणे खोटे ठरत नाही. खोटी ठरते ती मालावरची चिठ्ठी. आणि ज्याच्या हातात कर्त्या पुरुषाची सही किंवा कर्त्या बाईचा शब्द आहे, त्याने पानांनी सांगितले म्हणून विसार दिला, अशी नोंद कोणत्याही वहीत कोणत्या खात्याला टाकायची?

ग्रंथ सोपा नाही. फ्रान्समधील गुप्तमंडळांच्या सभासदांची नावे आणि त्यांच्यातील रुसवेफुगवे यांवर जेवढी पाने खर्ची पडली आहेत, तेवढ्यांची गरज नव्हती. राज्यक्रांतीच्या आगेमागे फ्रान्समध्ये काय घडत होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मधली प्रकरणे जड जातील. काही गोष्टी आता पुढेही गेल्या आहेत. फेराराच्या नोंदीच्याही आधीची, १४४० च्या सप्टेंबरमधील फ्लॉरेन्सची एक नोंद ग्रंथ छापून झाल्यावर उजेडात आली; एका व्यवहारी माणसाने आपल्या रोजनिशीत असा जोड एका सरदाराला भेट दिल्याचे लिहून ठेवले आहे. तिने सिद्धान्त मोडत नाही, दोन वर्षे मागे सरकतो इतकेच.

वाचनाचा क्रम बदलून घेतला तर श्रम कमी होतात. आधी कूर द जेबलँ, मग एत्तेय्या आणि लनोर्माँ, त्यानंतर लेव्ही. खेळाच्या उगमाचा भाग शेवटी वाचला तरी चालतो. ज्या मुलामुलींना पाने आवडतात, त्यांच्याच हाती ग्रंथ द्यावा, कारण कोणती प्रतिमा कोठून आली हे शोधण्याची चिकाटी त्यांच्यापाशी असते. डमेट यांनी १९८० मध्ये लिहिलेला ‘द गेम ऑफ टॅरो’ हा आणखी मोठा ग्रंथ खेळाचे नियमच सविस्तर सांगतो. फ्रान्समध्ये आजही ७८ पानांचा हा डाव संध्याकाळी घराघरांत मांडला जातो. तो चौघांनी खेळायचा असतो, गुणांची बेरीज कागदावर ठेवायची असते, आणि पैज लावलीच पाहिजे असा नियम त्यात नाही.